उत्कृष्ट फुटबॉलपटूचा पत्ता

"अहो, यंदा तुमचा तो उत्कृष्ट फुटबॉलवाला कोण होणार?" सरोजिनीबाईंनी पाण्याच्या पिंपातून डोकं बाहेर काढत विचारलं.

श्रीधरराव एका मराठी दैनिकाचे क्रीडा वार्ताहर. संसाराच्या इतक्या वर्षांत बायकोनं फुटबॉलबद्दल विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांचं मन भरून आलं. क्रांती चौकात कूलर दुरुस्त करणारा साकिब नावाचा एक तरुण आहे, त्याचा डावा पाय म्हणजे काय सांगू, असं म्हणत त्यांनी थेट उपांत्य सामन्यापासून सुरुवात केली.

"कसा खेळतो ते राहू द्या. राहतो कुठं ते सांगा."

त्याला कारण होतं. औरंगाबादेतले पाच क्रीडा पत्रकार दरवर्षी चिठ्ठ्या टाकून उत्कृष्ट फुटबॉलपटू निवडत. शाल, श्रीफळ आणि करंडक, एवढ्यावर सोहळा उरकायचा. पण त्या वर्षी दुष्काळ पडला. शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि नळाला आठवड्यातून एकदा, तेही रुसल्यासारखं पाणी यायचं. पुरस्काराचे देणगीदार बद्रीनाथशेठ टँकरवाले. त्यांनी बैठकीत करंडक हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "ह्यात तर तांब्याभर पाणी बी मावत नाय. मी विजेत्याच्या दारात अख्खा टँकर रिकामा करतो." ही बातमी छापून आली आणि शहराला फुटबॉलची गोडी लागली.

पुरस्कार शनिवारी होता. रविवारी श्रीधररावांच्या मुलीचा, मनस्विनीचा साखरपुडा. जालन्याहून पाहुणे यायचे होते आणि उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत नळाची पाळी होती थेट बुधवारी. पाण्याचं काय ते आधी सांगा, मगच चूल पेटवतो, असं आचाऱ्यानं बजावलं होतं.

साकिब शहागंजला राहतो, हे ऐकून सरोजिनीबाईंनी क्षणभर विचार केला. वरच्या मजल्यावरची खोली रिकामीच होती. भाडेकरू पाण्याला कंटाळून सोडून गेला होता.

"मग त्याला इकडं राहायला आणा."

श्रीधरराव चपापले. आपण आजवर मताचा सौदा केला नाही, असं त्यांनी ताठ मानेनं सांगितलं. त्यावर मत कुणी मागितलंय, ते तुम्ही साकिबलाच देणार होतात, आपण फक्त पत्ता बदलतोय, असं बाईंनी समजावलं. हे तर्कशास्त्र बिनतोड होतं. शिवाय मुलीचं लग्न मोडायची भीती होतीच. दोन दिवसांत साकिब वरच्या खोलीत आला. सोबत त्याची आई जाहेदाबी आणि आईची शेळी.

गल्लीनं साकिबला जावयासारखं ठेवलं. एकीकडून पुरणपोळी यायची, दुसरीकडून श्रीखंड. पाय मुरगळेल म्हणून सरावाला जायची बंदी झाली. जिना उतरताना दोघं जण त्याला धरायचे. शेळी तेवढी मोकळी हिंडायची, पण ती आडवी येऊन तो पडेल या धास्तीनं तिलाही बांधून घातली.

"चाचा, बॉल को एक हात तो लगाने दो," तो काकुळतीला येऊन श्रीधररावांना म्हणाला.

फुटबॉलला हात लावायचा नसतो, एवढंच श्रीधरराव म्हणू शकले.

पण गल्लीतली गोष्ट गल्लीत राहते थोडीच. शनिवारी पाचही पत्रकार चिठ्ठ्या टाकायला बसले, तेव्हा बाकीच्या चौघांचे चेहरेच वेगळे होते. चिठ्ठ्या उघडल्या. साकिबला एकच मत, श्रीधररावांचं. सिडकोच्या पत्रकारानं आपल्या शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरला मत दिलं होतं, कारण ते सकाळी ट्रॅकसूट घालून फिरतात. बेगमपुऱ्याच्या पत्रकारानं मेहुण्याला दिलं होतं. त्याचं पूर्वी फुटबॉल विकायचं दुकान होतं. तिसऱ्यानं संकोच न करता स्वतःचंच नाव लिहिलं होतं. उर्दू दैनिकाचे कय्युमभाई तर आपल्या घरमालकाच्या मागं उभे राहिले. एकदा फुटबॉल लागून त्या मालकाच्या खिडकीची काच फुटली होती, म्हणजे खेळाशी संबंध आलाच.

पुन्हा चिठ्ठ्या झाल्या. पुन्हा पाच नावं. बाहेर टँकर उन्हात उभा होता, त्याच्या ठिबकत्या तोटीखाली हंड्यांची रांग लागली होती, आणि बद्रीनाथशेठ खिडकीतून डोकावून म्हणत होते, "काय ते लौकर ठरवा. निम्मा पुरस्कार रस्त्यावर सांडून ऱ्हायला."

"कय्युमभाई, खरं सांगा, साकिबसारखा दुसरा कोण आहे?" श्रीधररावांनी विचारलं.

"कोई नाय. पर मियां, त्याला मत म्हणजे तुमच्या टाकीला मत." कय्युमभाईंनी उसासा टाकला. "शहागंज में अपन में से कोई नहीं रहता. तिथंच असता ना, तर पाचही मतं त्याचीच होती."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आपल्या गल्लीत नाही तर दुसऱ्या पत्रकाराच्याही गल्लीत नको, यावर त्यांचं पूर्ण एकमत होतं.

श्रीधररावांना स्वतःची लाज वाटली. एवढा गुणी खेळाडू एका फुटक्या काचेकडून हरणार, आणि तोही आपल्यामुळं. दुसरीकडं मुलीचा साखरपुडा डोळ्यांपुढं कोरडा पडलेला दिसत होता. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "साकिबचा पत्ता शहागंज लिहा." पाचही मतं साकिबला पडली. बद्रीनाथशेठनी साकिबला बोलावून घेऊन तिथंच त्याच्या अंगावर शाल घातली आणि टँकर शहागंजच्या दिशेनं निघाला.

घरी जायचं धाडस होईना म्हणून श्रीधररावांनी क्रांती चौकात चहावर चहा घेतले. शेवटी जीव मुठीत धरून घरी गेले, तर दाराला कुलूप. बायको माहेरी गेली, अशी त्यांची खात्रीच झाली. त्यांनी मनस्विनीला फोन लावला.

"बाबा, तुम्ही आहात कुठं? आम्ही सगळे शहागंजला. जाहेदाचाचींच्या अंगणातला हौद भरलाय, म्हणून आई आचाऱ्याला इकडंच घेऊन आली. जालन्याला पण नवा पत्ता कळवलाय."

रविवारी साखरपुडा शहागंजात थाटात झाला. म्हणजे होतच आला होता. जालन्याचे व्याही आल्यापासून हौदाच्या काठावर बसून होते. त्यांनी हातपाय धुतले, मग तोंड धुतलं, मग पुन्हा हातपाय धुतले. हे पाणी कसं आलं, ते त्यांनी साकिबकडून बारकाईनं विचारून घेतलं. अंगठ्या घालायची वेळ झाली, गुरुजींनी हाक मारली, तरी ते उठेनात.

"साकिबभाऊ, आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत," ते म्हणाले. "जालन्याला या राहायला. आई आणि शेळीसकट."

श्रीधररावांनी घाईघाईनं मध्ये पडून सांगितलं, की हा पुरस्कार फक्त औरंगाबाद जिल्ह्यापुरता आहे.

"नियम तुम्हीच करता ना? मग जालना घ्या की त्यात. आता आपण सोयरे."

तिकडं मुलगा अंगठी हातात धरून वडिलांच्या तोंडाकडं बघत होता. श्रीधररावांनी अंगठीकडं पाहिलं, मनस्विनीकडं पाहिलं, आणि पुढच्याच बैठकीत विषय मांडतो म्हणाले.