अम्मीच्या व्यसनाची तपासणी

अम्मीला कॉम्प्युटरचं व्यसन जडलंय, याबद्दल मुजम्मिलच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. येडशीच्या घरात बासष्ट वर्षांच्या अजीजाबी रोज दुपारी चष्मा पुसून कॉम्प्युटरपुढं बसायच्या आणि रेल्वे चालवायचा खेळ खेळायच्या. भाकरी थापतानाही "घाटात वेग किती ठेवावा" असं पुटपुटायच्या.

मुजम्मिलनं माउस लपवला. अजीजाबी निवांत शिवत बसल्या. बेचैन झाला तो मुजम्मिलच. इतक्या गप्प कशा? दुसरा माउस आणला असणार! त्यानं माउस जागेवर ठेवला आणि फळीवर जुना मोबाइल उभा करून त्याचा कॅमेरा अम्मीवर रोखला. आता कचेरीत बसून तो नजर ठेवू लागला. एकदा घरचं नेट गेलं, तर अर्धी रजा टाकून धावत आला. दुसऱ्यांदा आला, तेव्हा साहेबांनी नोटीस दिली.

शेवटी त्यानं धाराशिवहून मानसशास्त्राच्या अभ्यासक शिवकन्याला बोलावलं. व्यसन कुठलं आणि नुसती गोडी कुठली, यावरच तिचं संशोधन चाललं होतं.

"मावशी, कॉम्प्युटर समोर नसताना त्याचा विचार येतो?"

"लई येतो."

"खेळताना आनंद होतो?"

"बाई, गाडी बोगद्यातनं निघाली की नाचावं वाटतं!"

"बघा!" मुजम्मिल ओरडला. "म्या काय म्हणत होतो?"

"दादा, एवढ्यावरनं व्यसन ठरत नाही. मावशी, खेळापायी जेवण चुकतं? भांडणं होतात?"

"छे! स्टेशनात गाडी उभी करते अन् जेवते. भांडू कुणाशी?"

"खेळ बंद पडला तर?"

"यानं माउस लपवला, तवा सहा अभ्रे शिवले."

शिवकन्यानं कागदावर खूण केली. "ही गोडी आहे. व्यसन नाही."

"असं कसं?" म्हणत मुजम्मिलनं खिशातनं मोबाइल काढला आणि दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या अम्मीला त्यात निरखून पाहू लागला. शिवकन्या थबकली.

"दादा, दिवसातनं कितीदा बघता हे?"

"मोजलं न्हाय."

"जेवताना बी बघतेत," त्याची बायको सिमरन स्वयंपाकघरातनं बाहेर येत म्हणाली. "काही विचारलं की खेकसतेत."

"बघणं सोडून बघितलं?" शिवकन्यानं विचारलं.

"तीनदा," मुजम्मिल हळूच म्हणाला. "जीव थाऱ्यावर राहीना."

शिवकन्यानं कोरा फॉर्म काढला आणि वर त्याचं नाव लिहिलं.

"पण म्या तर कॉम्प्युटरला हात बी लावला न्हाय!"

"तेच चुकलं तुझं," अजीजाबी म्हणाल्या. त्यांनी त्याचा मोबाइल सिमरनच्या हाती दिला आणि शेजारी खुर्ची ओढली. "बस इथं."

मुजम्मिल अंग चोरून बसला. पडद्यावर गाडी सुटली. शेतं मागं पळू लागली. जरा वेळानं तो पुढं झुकला.

"अम्मी, ही दांडी कशाची?"

"ब्रेकची. लावून बघ."

त्यानं लावला. सगळी गाडी हिसका देऊन उभी राहिली. अजीजाबींना हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आलं.

"अरे बाबा, प्रवाशांचा चहा सांडलास की!"

महिन्याभरात पहिल्यांदाच मुजम्मिल खदखदून हसला.