बसवराजला सोडून गेलेलं यान

टीव्हीवर बेइमान माणूस आला की आमचे घरमालक मल्लिनाथअप्पा खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसतात. टीव्ही बंद करत नाहीत, आवाज कमी करत नाहीत, फक्त त्या माणसाचं तोंड बघत नाहीत. थोड्या वेळानं मला विचारतात, "गेला का मास्तर?" मी "गेला" म्हटलं की खुर्ची परत जागेवर येते.

मी मूळचा उमरीचा. बदली होऊन औशाला आलो, बायकोची नोकरी नांदेडला, म्हणून अप्पांच्या वरच्या खोलीत एकटाच राहतो. तेव्हा संध्याकाळी "गेला" म्हणायचं काम माझ्याकडं आलं.

अप्पांचं बाजारात दोर, सुतळी आणि बैलांच्या घुंगुरमाळांचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि तोंडी एक वाक्य: "नीत पायजे मास्तर, नीत. बाकी सगळं माझ्या दुकानात मिळतं."

गंगाकाकू वारल्यावर पुण्याच्या मुलीनं त्यांना मोठा टीव्ही पाठवला. देवादिकांच्या मालिका अप्पांना रुचल्या नाहीत. "शेवटी देवच जिंकतो, म्हाईत हाय मला," म्हणाले. फिरता फिरता ते हिंदीत बोलणाऱ्या एका परदेशी मालिकेपाशी थांबले. अंतराळात भटकणारं एक यान आणि त्यातली माणसं. त्यांची नावं अप्पांच्या जिभेवर बसेनात, म्हणून कप्तानाचा 'टकल्या' झाला आणि यान दुरुस्त करणाऱ्या गरीब मेकॅनिकचा 'बसवराज'.

समोरच्या घरातले खाजाभाईही बघायला यायचे. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, मुलं हैदराबादला. दोघं मिळून टकल्याला शिव्या घालायचे, चहा प्यायचे, मजेत चाललं होतं.

मग एके दिवशी यानातली हवा कमी पडायला लागली. टकल्यानं बसवराजला एका ओसाड चंद्रावर सोडलं आणि बाकीच्यांना घेऊन तो निघून गेला.

अप्पांनी ताडकन खुर्ची फिरवली. "ह्याला नीत म्हणतेत का?"

खाजाभाई म्हणाले, "बरोबर केलं त्यानं. भरल्या गाडीतले पासिंजर मारायचे का एकासाठी? ड्रायव्हरला सगळ्यांचं बघावं लागतं."

"तुला कळणारच न्हाई खाजा! लातूरच्या ष्टँडावर मी लघवीला उतरलो, तवा तू बी गाडी घेऊन गेलतास!"

"टायमिंग झालतं!"

"माझी पिशवी होती गाडीत! तिच्यात शेंगा होत्या!"

"त्या मी औशाला आणून दिल्या की!"

"निम्म्या!"

त्या संध्याकाळपासून दोघांचा अबोला सुरू झाला. खाजाभाई आपल्या घरी तीच मालिका बघू लागले, तीही आवाज पार वर चढवून. गल्लीत यान दोनदा उडायचं. इकडं टकल्या कुठल्याही प्रसंगातून हलेना, त्यामुळं अप्पा अख्खी मालिका भिंतीकडं बघून ऐकायचे. बाजारात गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचे, "हवा कमी असंल तर माणूस सोडावा का?" त्यानं "सोडावा" म्हटलं की दोर तुटका निघायची शक्यता वाढायची.

शेवटचा भाग होता त्या संध्याकाळी मी खाली आलो, तर टीव्ही चालू, दार सताड उघडं आणि अप्पा नाहीत. चहा तसाच, साय धरलेला. फोन लावला, तो उशीखाली वाजला. पडद्यावर टकल्या यान मागं फिरवत होता आणि ते बघायला अप्पा नव्हते. बाहेर धावलो. खाजाभाईंचंही दार उघडं. शेजारच्या सुशीलाबाई म्हणाल्या, "खाजाभाईंना चक्कर आली. अप्पांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं."

मी दवाखाना गाठला. नर्सबाई अप्पांना विचारत होत्या, "तुम्ही पेशंटचे कोण?"

"आमचं बोलणं बंद हाय."

"मग यांना घेऊन कोण आलं?"

"मीच की. बोलणं बंद हाय, चालणं चालू हाय."

खाजाभाईंची साखर फार उतरली होती. सलाईन लावलं होतं, धोका टळला होता. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा अप्पा बाकावर असे बसले, जणू कुणी त्यांच्या डोक्यावरचं पोतं उतरवून घेतलंय.

"तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"त्याच्या टीव्हीचा आवाज आला न्हाई. रोज माझं डोकं उठवतो. आज गप. म्हणून बघाया गेलो, तर भुईवर पडलेला."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "अप्पा, टकल्यानं यान मागं फिरवलं. बसवराजला न्यायला."

"कोण बसवराज?" अप्पा म्हणाले. मग हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. "गंगा गेल्यावर घरात भांडायला माणूस न्हाई मास्तर. तुम्ही तर सगळ्याला हो म्हणता. ह्यो एकटाच हाय. ह्याला काय झालं असतं तर मी अबोला तरी कुणाशी धरायचा?"

आम्ही आत गेलो. खाजाभाईंनी डोळे उघडले होते.

"मास्तर," अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "त्याला विचारा, आज जेवला का?"

"मास्तर, त्याला सांगा," खाजाभाई छताकडं बघत म्हणाले, "एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो. इन्शुलिन घेतलं अन् तसाच पडलो."

अप्पांनी सलाईनच्या नळीची गाठ सोडवल्यासारखं केलं, खरं तर तिथं गाठ नव्हतीच. मग माझ्याकडं न बघता, थेट खाटेकडं वळून म्हणाले, "उद्यापासून माझ्याकडं जेवायचं. दोन्ही टायमाला. भाजीत मीठ कमीजास्त असंल तर काही बोलायचं न्हाई."

खाजाभाईंनी मान वळवली.

"बोलणार," ते म्हणाले.