वेंकोबारावांची वळणारी गाडी

वेंकोबारावांच्या जेवणाच्या डब्याला तीन पुडं होती. वरच्या पुडात रसमभात, मधल्यात दहीभात आणि खालच्यात मोटारगाडी.

थट्टा नाही करत. लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या इवल्याशा विटा एकमेकींत बसवून केलेली, कोटाच्या बटणांच्या चाकांची, छत्रीच्या काडीच्या आसांची गाडी. डब्यात मावेल एवढी लहान, आणि रबर पिळून टेबलावर सोडली की खरोखर चालणारी. कुंभकोणमच्या एका सरकारी कचेरीत आम्ही दोघं शेजारी बसून जमिनीचे नकाशे उतरवत असू. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. दुपारी बाकीचे लोक डबा उघडून भाताचा वास घेत. वेंकोबाराव आधी खालचं पुड काढून चाकं तपासत.

त्या विटा आल्या सिंगापूरहून. त्यांचा धाकटा भाऊ तिकडे एका पेढीत कारकून होता आणि पंधरा वर्षांत एकदाही आला नव्हता. एव्हाना थोरल्याला पोरंबाळं झाली असतील असं धरून त्यानं खेळण्याची पेटी धाडली. वेंकोबारावांनी लग्नच केलं नव्हतं. भावाला त्यांनी कळवलं, पोरं खुशाल आहेत, खेळतात. आणि स्वतः खेळायला बसले.

कचेरीतली तमिळ मंडळी त्यांना ‘रायर’, म्हणजे राव, म्हणत. आमची मराठी बोलणारी पाच-सहा घरं होती. तंजावरच्या राजांबरोबर आमचे पूर्वज इथे आले, ते त्या वेळची मराठी घेऊनच राहिले. पुण्याचा पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसतो. त्या घरांमधून म्हणत, विठोबा विटेवर उभा राहिला, आमचा वेंकोबा विटांत अडकला.

विटा मोजून एकशे बारा. त्यामुळे नवी गाडी करायची तर जुनी मोडावी लागे. किती सुंदर गाड्या त्यांनी अशा मोडल्या असतील! माल उलटवणारी लॉरी, मागे शिडी असलेली बस, एक तर बैलाशिवायची बैलगाडी. कोणी हळहळलं की म्हणत, “ती वळत नव्हती. ठेवून काय करायचं?”

वळणं हा त्यांचा ध्यास होता. गाडी दिसायला कशी आहे, किती जोरात धावते, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. कोणी कौतुक करू लागलं की हात वर करून थांबवत आणि विचारत, “वळते का, तेवढं बोला.”

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नकाशांची बाडं रचून टेबलावर एक बोळ तयार केला. अरुंद, मध्येच काटकोनात वळलेला, तोंडाशी उंबरठा म्हणून फूटपट्टी आडवी. गाडी नेमकी कोपऱ्यात शिरली आणि मोठे साहेब बाहेर आले. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. वेंकोबाराव बसूनच म्हणाले, सर, दोन मिनिटं थांबा, वळतेय. साहेब थांबले. गाडी कोपऱ्यात अडकली. साहेबांनी चष्मा सारखा करून, बाडं थोडी दूर सरकवली तर जाईल, असं सुचवलं. वेंकोबाराव दुखावल्या आवाजात म्हणाले, बाडं सरकवता येतात सर, भिंती कशा सरकवणार?

कोणत्या भिंती, हे साहेबांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आणि मी तर त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी.

ते उत्तर मिळालं रथोत्सवात. आमच्याकडे देवळाचा रथ रस्त्याच्या कोपऱ्यावर आला की त्याच्या अवजड चाकांखाली लाकडी पाचरी टाकून त्याला इंचाइंचानं वळवतात. सारा गाव हात जोडून वर देवाकडे बघत होता. वेंकोबाराव उकिडवे बसून चाकाकडे बघत होते. मी हसत म्हटलं, देव वर आहे. आणि बोलण्याच्या ओघात विचारलं, अक्कांना नाही आणलं?

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आली, आणि पुढे एका तापात तिचे दोन्ही पाय गेले. ती घरात आहे हे गल्लीत सर्वांना ठाऊक होतं. सकाळी तिचं स्तोत्र म्हणणं भिंतीपलीकडून ऐकू येई. त्यापलीकडे कोणी काही विचारत नसे.

वेंकोबाराव उठले, धोतर झटकलं आणि रथाकडे बघतच बोलले.

“एकदा आणली होती. चौघांनी खाटेवर उचलून. गल्लीच्या तोंडाशी एक बाई बाजूला सरली, तिनं हात जोडले आणि पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, प्रेत चाललंय. अक्कानं पाहिलं. म्हणाली, वेंकू, परत ने. आता मला उचलून एकदाच न्यायचं. त्याला नऊ वर्षं जाहली.”

मग म्हणाले, तिनं स्वतः जायला हवं. आपल्या हातानं चाक फिरवून.

आमच्याकडची घरं रुंदीला बेताची आणि लांबीला अफाट. मधल्या चौकातून रस्त्याकडे यायला एक बोळ, बोळाला काटकोनात वळण, पुढे उंबरठा. बाजारात मिळणारी चाकांची खुर्ची त्या वळणात मावत नव्हती. एक वीट म्हणजे चार बोटं असं माप धरून हा माणूस इतकी वर्षं तो बोळ डब्यात घेऊन कचेरीत येत होता, आणि आम्ही त्याच्या गाड्यांना हसत होतो.

त्यानंतर चार महिन्यांनी गाडी वळली. मागे दोन चाकं, ती हातानं फिरवायची. पुढे एकच बारीक चाक, चहूकडे आपोआप फिरणारं. सायकल दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून वेंकोबारावांनी त्याच मापाची खरी खुर्ची करून घेतली. बैठक वेताची. उंबरठ्याला दोन्ही अंगांनी लाकडी उतार ठोकला, पायरीवर फळ्या टाकल्या.

एका रविवारी सकाळी अक्का बाहेर आल्या. कोणी हात लावला नाही. बोळातून चाकांचा आवाज जवळ जवळ आला, वळणावर क्षणभर थांबला आणि मग त्या उजेडात दिसल्या. पांढरे झालेले केस नीट विंचरलेले, अंगावर घडीचं लुगडं.

गल्ली जमली. पोरांनी चाकं हलवून पाहिली. कोणी विचारलं खर्च किती आला, कोणी विचारलं फळ्या कुठल्या लाकडाच्या. मी तर खाली बसून पुढचं चाक बोटानं फिरवलं आणि वेंकोबारावांना म्हटलं, छान वळतं हो. वेंकोबाराव लहान मुलासारखे लाजले.

अक्कांशी आमच्यापैकी कोणीच बोललं नाही. वाईट मनानं नव्हे. काय बोलायचं ते सुचलं नाही, आणि चाकांबद्दल बोलणं सोपं होतं.

अक्का समोरच्या घराकडे बघत होत्या. सीता कोठे आहे, असं त्यांनी हळूच विचारलं. सीताबाई मद्रासला मुलाकडे गेल्या होत्या, आणि तिथेच वारल्या होत्या. कोपऱ्यावरच्या घराबद्दल विचारलं. ते विकून नवे लोक आले होते. आणखी एक नाव विचारता विचारता त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “वेंकू, आत जाऊं.” एका झटक्यात त्यांनी खुर्ची वळवली आणि भिंतीला न लागता आत गेल्या.

पुन्हा त्या खुर्चीत बसल्या नाहीत.

वेंकोबारावांना वाटलं, खुर्चीत खोट आहे. त्यांनी पुन्हा विटा काढल्या. बैठक खाली घेतली, पाठ मागे कलती केली, चाकं मोठी केली. आता डबा उघडला की आम्ही कोणी हसत नव्हतो, आणि न हसल्यामुळे ते अधिकच गोंधळत. कचेरीतून निघताना एकदा त्यांनी मला सांगितलं, आज धीर करून अक्काला विचारलं, गाडीत काय कमी आहे.

“काय म्हणाल्या?”

त्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“म्हणाली, गाडी बहुत चांगली आहे रे. जाऊं कोणाकडे?”

याला उत्तर होतं, पण ते मला त्या वेळी सुचलं नाही. ते त्यांनाच सुचावं लागलं, याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ते आमच्या दारात आले. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी कधी चिमूटभर साखरही मागितली नव्हती. आत आले नाहीत, बसले नाहीत. माझी बायको जानकी फुलं ओवत होती, तिला म्हणाले, “वहिनी, आज अक्काकडे थोडं येऊन बसाल? काही काम नाही. नुसतं बसायचं.”

जानकीनं माझ्याकडे पाहिलं, मग तशीच अर्धी वेणी हातात घेऊन उठली. दाराशी थांबून तिनं विचारलं, अक्का कोणत्या खोलीत असतात. मधली भिंत सामाईक होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

अक्का पुढे तीन वर्षं जगल्या. जानकी बहुतेक रोज जात असे.

त्या पहिल्या दुपारी वेंकोबाराव मात्र घरी गेले नाहीत. आमच्याच ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसले. पलीकडून आधी जानकीचंच बोलणं येत होतं. मग मध्येच अक्कांचं एखादं वाक्य. मग जानकी गप्प, आणि अक्काच बोलत राहिल्या, न थांबता. शब्द कळत नव्हते. मी कॉफीचं विचारायला गेलो, तर वेंकोबारावांनी हातानंच मला खाली बसवलं आणि डोकं भिंतीला टेकून डोळे मिटले.