देवकाबाईची शिवी

"मामीनं आज मले 'बापू' म्हनलं," सुकराम बायकोच्या कानाशी येऊन म्हणाला आणि मटकन ओट्यावर बसला. "रुख्मा, आपलं आता काही खरं नाई."

रुख्मा तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "आठ वर्सं माही माय तुमाले 'मुडद्या' म्हने, तवा तोंड पाडून बसत होते. आता बापू म्हनलं, तरी तोंड पाडून बसले. तुमाले पायजे तरी काय?"

"शिवी पायजे," सुकराम म्हणाला. "परवा पट हाये."

आता शंकरपट आणि सासूची शिवी यांचा संबंध काय, असं कोणी विचारील. पण असं विचारणारा माणूस पटावर कधी गेलेला नसतो. बैलांची शर्यत बैल जिंकतात हे फक्त बैलांना वाटतं. माणसांना प्रत्येकाला आपापलं खरं कारण माहीत असतं. कोणी पटाच्या आधी आठ दिवस दाढी करत नाही, कोणी चाकाखाली लिंबू ठेवतो, तर एक जण बैलांना डाव्या हाताने पेंड चारतो. सुकरामचं कारण घरातच होतं, चुलीशी बसलेलं.

सुकराम हा हिरालाल पाटलाचा धुरकरी. म्हणजे पटाच्या दिवशी हलक्या छकडीवर उभं राहून पाटलाची जोडी हाकणारा. बादल आणि तुफान उधळले की बघणारे मागे सरकायचे, पण सुकरामची छाती कधी धडधडली नाही. त्याची छाती धडधडायची ती देवकाबाईपुढे. तो घरजावई होता आणि देवकाबाई त्याची सासू. अंगाने एवढीशी, पण तोंड उघडलं की शेजारचे लोक आपापल्या पोरांना घरात ओढून घ्यायचे.

पाच वर्षांमागे पटाला निघताना सुकरामचे चिखलाचे पाय तिच्या ताज्या सारवणावर पडले. "जाय मुडद्या! तुह्या जुवाले आग लागो! तोंड घेऊन वापस येऊ नोको!" असं ती अंगणातून पार वेशीपर्यंत बोलत राहिली. त्या दिवशी बादल-तुफान पहिले आले. पुढच्या वर्षी देवकाबाई तापाने पडली होती, काही बोलली नाही, आणि छकडीचं चाक निखळलं. तिसऱ्या वर्षी ती पुन्हा कडाडली, जोडी पुन्हा पहिली आली. यानंतर शंकेला जागाच उरली नाही. हिरालाल पाटलाने तेव्हाच कायदा करून टाकला.

"देवकामायले ह्या गोष्टीचा पत्ता लागाले नाई पायजे," पाटील म्हणाला होता. "मागून घेतलेली शिवी लागत नाई. शिवी पोटातून याले पायजे."

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. आणि यंदा दिवाळीनंतर गावात एक महाराज आले. त्यांनी सप्ताह केला, देवकाबाईने गळ्यात माळ घातली आणि महाशिवरात्रीला प्रतापगडच्या महादेवाचं दर्शन घेईपर्यंत तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही, असं व्रत धरलं. शब्द गेलाच, तर अकरा दिवस नुसत्या पेजेवर राहायचं. आज त्या व्रताला दोन महिने झाले होते. घरात इतकी शांतता होती की सुकरामला झोप लागत नव्हती.

त्यात पाटलाचा निरोप आला होता. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा हक्क, जाऊन तीन वर्षं झाली होती. पाटलाकडे आता मिरवण्यासारखं एवढंच उरलं होतं, ती जोडी. निरोप साधा होता: यंदा जोडी हरली, तर कासरा दुसऱ्याच्या हाती.

त्या कासऱ्यावरच तर गावात त्याला कोणी घरजावई न म्हणता धुरकरी म्हणत होतं.

"तुमी काहीबी करा," रुख्मा म्हणाली, "पन मायचं व्रत मोडलं, तर मीबी बोलनार नाई तुमच्यासंग."

म्हणजे शिवी खावी तर बायको गेली, न खावी तर कासरा गेला. सुकरामने थोडा वेळ विचार केला आणि बायको नंतर समजावता येईल असं ठरवलं.

त्याच दुपारी तो धानाच्या ओल्या बांधीत उतरला, गुडघ्यापर्यंत पाय भरवले आणि अंगणातल्या ताज्या सारवणावरून चालत गेला. एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. देवकाबाई दारात येऊन उभी राहिली. सुकरामने डोळे मिटले.

"पाय भरले का, बापू?" देवकाबाई म्हणाली. "रुख्मे, जवायाच्या पायावर पानी टाक."

मग त्याने घरामागच्या तिच्या वाडीत बकरी सोडली. वालाचा अख्खा वेल बकरीने बुडापासून साफ केला. देवकाबाई पाहत राहिली. तिच्या गळ्याची शीर उडायला लागली, तसा सुकरामला जरा धीर आला. "मुका जीव हाये," ती शेवटी म्हणाली. "खाऊ दे."

राहता राहिला शेवटचा उपाय. नवेगावच्या तलावावरून त्याने दोन मोठे मासे आणले, आणि माळकरी बाईच्या चुलीपुढे, तिच्याच पाटावर, साफ करायला बसला. वास पसरला. देवकाबाई आत आली. तिचं तोंड उघडलं. सुकरामने मान खाली घातली. आत कुठेतरी आशेने तो म्हणत होता, ये बाप्पा, ये एकदाची. देवकाबाईने दोन्ही हातांनी माळ घट्ट धरली, "विठ्ठल, विठ्ठल" म्हणाली आणि शेजारणीकडे जाऊन बसली. रुख्माने संध्याकाळी त्याला जेवायला वाढलं नाही. मासेसुद्धा फेकून दिले.

पटाच्या दिवशी सकाळी हिरालाल पाटील स्वतः जोडी घेऊन दारात आला. "लागली का?" त्याने हळूच विचारलं. सुकरामने नकाराने मान हलवली. तेवढ्यात देवकाबाई ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली.

"माह्या ध्यानात आलं, पाटील," ती म्हणाली. "पटाच्या भेवानं पोराचं डोस्कं फिरून राहिलं. चिखल काय तुडवते, बकरी काय सोडते! कोनाची तरी नजर लागली." तिने सुकरामवरून मीठ-मिरच्या उतरल्या, कपाळाला कुंकू लावलं आणि डोक्यावर हात ठेवला. "जाय बापू. यश घेऊन ये."

सुकराम छकडीच्या चाकाला धरून उभा राहिला. पाटलाने डोक्याचा फेटा काढून हातात घेतला, कोणी गेल्यावर घेतात तसा. "बाप्पा रे," तो म्हणाला, "हे काय करून बसली देवकामाय."

"आन मीबी संग येनार," देवकाबाई म्हणाली. "आठ वर्सं झाली, जवायाचा पट कधी पायला नाई."

पट सडक अर्जुनीच्या अलीकडे, धानाच्या रिकाम्या बांध्यांत होता. वाटेत पाटलाने फार प्रयत्न केले. देवकाबाईला गाडीत चाकावरच बसवलं, वाटेतला एकही खड्डा चुकू दिला नाही, तिची पानाची पिशवी 'चुकून' नाल्यात पाडली. दर खड्ड्याला देवकाबाई "विठ्ठल" म्हणत होती. सुकराम पुढे बसून ते विठ्ठल मोजत होता.

पटावर हा लोटला होता माणूस! ताशे वाजत होते, जिलबीच्या कढया उकळत होत्या. बैल पळायच्या दोन आखलेल्या वाटा, त्यांना दान म्हणतात, दोन्हीकडून माणसांनी वेढल्या होत्या. पहिलीच गाठ पडली ती शेजारच्या गावच्या दुधरामशी. हा दुधराम सुकरामकडून तीन वेळा हरला होता आणि आठ दिवसांची दाढी खाजवत उभा होता. दोन्ही छकड्या दानींच्या तोंडाशी लागल्या, आणि सुकरामच्या मागे गाडीत सासू बसलेली पाहून त्याला चेव आला.

"काऊन बे घरजवाया," तो मोठ्याने ओरडला, "सासूले इचारून बैल हाकतेस का? घरी भांडे घासून आला का नाई?"

लोक हसले. आणि मागून आवाज आला.

"कोन रे तो मुडदा?"

हिरालाल पाटलाने आनंदाने फेटा डोक्यावर ठेवला. देवकाबाई गाडीत उभी राहिली होती. दोन महिने तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "माह्या जवायाले बोलतेस? तुह्या जुवाले आग लागो! तुह्या तोंडात माती पडो! तुही दाढी उंदरं कुरतडो! तू हारशीन, तुहे बैल हारतीन, तुह्या बैलाचे बैल हारतीन!"

पहिल्या दोन शिव्यांपर्यंत पाटील डोळे मिटून ऐकत होता. मग त्याच्या लक्षात आलं की शिव्या चालल्या आहेत कुणाकडे.

"देवकामाय!" तो किंचाळला. "इकडं! इकडं तोंड करा! आपला सुकराम इकडं हाये!"

"त्याले कायले बोलू? त्यानं काय केलं?" असं म्हणून देवकाबाई पुन्हा दुधरामकडे वळली. दुधराम हात जोडून, मान लववून सगळं घेत होता. शिवीत यश असतं, ही गोष्ट पटावरच्या माणसाला सांगावी लागत नाही. त्याच वेळी झेंडी पडली.

दुधरामची जोडी तीन हातांनी पुढे आली.

सुकराम छकडीवरून उतरला. पाटील समोर उभा होता. "दे तो कासरा," पाटील म्हणाला. सुकरामने कासरा पुढे केला, पण बोटं सुटेनात. पाटलाने ओढला, तरी सुटेनात. मग पाटलाचाच धीर सुटला.

"अवो देवकामाय, पाच वर्सं जपून ठेवलेली शिवी तुमी त्या दुधरामले देल्ली! काऊन देल्ली?"

"मंग कोनाले द्याची होती?"

झालं. सगळं बाहेर आलं. देवकाबाई ऐकत होती आणि तिचे डोळे बारीक होत होते.

"तो चिखल?" तिने विचारलं.

"मुद्दाम," सुकराम म्हणाला.

"बकरी?"

"मुद्दामच."

"आन माह्या चुलीपुढचे मासे?"

"तेबी," सुकराम म्हणाला. त्यानंतर अर्धा तास पटावर दुसरा आवाज नव्हता. ताशेवाल्यांनी काठ्या खाली ठेवल्या. सुकरामच्या बापापासून बकरीच्या बापापर्यंत देवकाबाईने कुणालाही सोडलं नाही, आणि सगळं पोटातून. सुकरामला मात्र बरं वाटत होतं.

ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा तिच्यापुढे रांग लागली होती. पटावरचे वीसेक धुरकरी, मिशीवाले, धिप्पाड, सगळे हात जोडून उभे. सर्वांत पुढे दुधराम, कारण त्याची अजून दुसरी फेरी व्हायची होती.

"माय, आमालेबी एकेक द्या," तो म्हणाला. "बारकी असली तरी चालन."

देवकाबाईने त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, गळ्यातल्या माळेकडे पाहिलं, आणि तिला रडू आलं. "काय करून बसली बाप्पा मी," ती म्हणाली. "माळ घालून माह्या तोंडातून हे निंगालं. एवढी लेकरं हात जोडून उभी, आन मी शिव्या देऊन राहिली!" तिने डोळे पुसले आणि दोन्ही हात उचलले. "माह्या लेकराहो, देव तुमचं भलं करो. सगळ्याइले यश येवो."

एकाच्या मुठीतलं लिंबू खाली पडलं. दुधराम होता तिथेच बसला. मग एकेक जण पाय न वाजवता मागे सरकला आणि आपले बैल सोडायला लागला. पंच ओरडत होते, "अरे, जुपा बे!" पण जुपतो कोण! यश येवो म्हटलेलं डोक्यावर घेऊन दानीत उतरायची कुणाची हिंमत नव्हती. दुधरामने तर पंचांना हात जोडले आणि पुढची फेरी सुकरामलाच सोडून दिली.

हिरालाल पाटलाने चारी बाजूंना पाहिलं. सुकरामचा सकाळचा आशीर्वाद शिव्यांनी धुऊन निघाला होता, आणि अख्ख्या पटावर शिव्या खाल्लेला आणि नवा आशीर्वाद न लागलेला तोच एक धुरकरी उरला होता. पाटलाने ओढून धरलेला कासरा हळूच सोडला. "चढ," तो म्हणाला. "लवकर चढ."

"थांब बापू!" मागून देवकाबाईचा भरून आलेला आवाज आला. "सगळ्याइले देल्ला आन तूच राहून गेला रे!" आणि उजवा हात वर करून ती गाडीतून उतरली आणि त्याच्याकडे धावत सुटली.

सुकरामने मागे पाहिलं आणि छकडीकडे झेप घेतली. तो छकडीवर चढला की नुसताच लटकला, हे कुणालाच नीट दिसलं नाही. बादल-तुफान सुटले ते सुटलेच. दान संपली, तरी थांबले नाहीत. बांध्या ओलांडून, एक नाला ओलांडून, ते थेट सडकेला लागले, आणि एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारल्यावर कुठे उभे राहिले. घड्याळवाल्या पंचाने घड्याळ कानाला लावून पाहिलं. असली धाव त्याने जन्मात पाहिली नव्हती. पण झेंडी पडली नव्हती, म्हणून ती धरली गेली नाही.

देवकाबाई अकरा दिवस पेजेवर राहिली आणि मग प्रतापगडाला चालत जाऊन आली. पाटलाने कासरा परत मागितला नाही. पुढल्या वर्षी पटाच्या दोन दिवस आधी तो लुगडं-नारळ घेऊन देवकाबाईच्या दारात आला. सुकराम आतल्या खोलीत कणगीमागे जाऊन बसला.

"देवकामाय," पाटील अदबीने म्हणाला, "परवा पटावर याचं. शिवी नोको. तुमी फक्त आशीर्वाद द्याचा. पन मागून द्याचा, हात वर करून, धावत."