तोजींचे ऑगस्टमधले हात

"कधीही या!" कुमागाईने फोनवर सांगितलं. "पावसात या, उन्हात या, पूर्वसूचना न देता या! आमच्या तोजींचे हात एकदा पाहिलेत की क्रीमच्या खोक्यावर दुसरं काही छापायचं तुम्ही नावही काढणार नाही!"

पलीकडे टोकियोत सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या मुख्य रसायनतज्ज्ञ मिझुनुमाबाई होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग चोवीस ऑगस्ट. सकाळी अकरा."

कुमागाईने कॅलेंडरवर लाल गोल काढला आणि खुर्चीत मागे रेलला. इवातेमधल्या त्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यात लागून त्याला तीन हिवाळे झाले होते आणि एप्रिलपासून तो 'चोथा विभागा'चा प्रमुख होता. विभागात माणूस एकच, तोही तोच. साके गाळली की कापडात तांदळाचा चोथा उरतो. तो लोणच्यात घालतात, सूपमध्ये घालतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात, आणि तरी उरतो. हा चोथा चेहऱ्याच्या क्रीमसाठी तीन वर्षं घाऊक विकायचा करार आता होण्याच्या बेतात होता. मालकीणबाईंनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "करार झाला तर तुमचा विभाग राहील, कुमागाई-सान. नाही झाला तर ऑक्टोबरपासून बाटल्या धुवायला माणूस कमीच आहे."

न व्हायला काय झालं! कंपनीला हवे होते साकेच्या तांदळावर पेरतात त्या कोजीच्या बुरशीत आयुष्य घालवलेले हात, म्हातारपणीही मऊ आणि गोरे राहिलेले. आणि ओनोदेरा तोजी, म्हणजे कारखान्याचे मुख्य साकेकार, वय एकाहत्तर, यांचे हात कुमागाईने तीन हिवाळे रोज पाहिले होते. वाफाळत्या तांदळावर कोजी भुरभुरवताना ते ताज्या मोचीच्या, म्हणजे कुटलेल्या भाताच्या, मऊ गोळ्यांसारखे दिसत. नव्या नवरीने पाहिले तर तिने स्वतःचे हात किमोनोच्या बाहीत ओढून घ्यावेत!

"मालकीणबाई, चोवीस तारीख ठरली!"

मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ऑगस्टची?"

"हो!"

"तोजी एप्रिलमध्ये गावी जातात ते ऑक्टोबरात परत येतात, माहीत आहे ना?"

"मग काय झालं? जाऊन सांगून येतो की."

मालकीणबाई काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांनी चहाचा घोट घेतला आणि "जाऊन या," एवढंच म्हणाल्या.

बारा ऑगस्टला, दोन तास गाडी चालवून, कुमागाई तोजींच्या गावी, यामाबुचीला पोचला. तोजी कलिंगडाच्या वेलांमध्ये उकिडवे बसले होते. त्याला पाहताच त्यांनी एक कलिंगड फोडलं आणि फोड पुढे केली. कुमागाईने फोड पाहिलीच नाही. त्याने हात पाहिला. सोया सॉसमध्ये दोन दिवस शिजवलेल्या मुळ्यासारखा रंग, आल्यासारखी बोटं आणि नखांत यामाबुचीची निम्मी जमीन!

"तोजी-सान... हातांना काय झालं?"

तोजींनी हात उलटसुलट करून पाहिले. "काय झालं? दोन्ही आहेत की."

"काळे झालेत!"

"ऑगस्ट आहे. हिवाळ्यात साके, उन्हाळ्यात कलिंगडं. तुम्हाला काय वाटलं, एप्रिल ते ऑक्टोबर मला घडी घालून कपाटात ठेवतात?"

बांधावर तोजींची बायको तोकिए कलिंगडं मोजत होती. तिला इतकं हसू आलं की मोजणी पहिल्यापासून करावी लागली.

कुमागाईने सगळं सांगितलं. करार, खोकं, बाटल्या. तोजींनी नीट ऐकून घेतलं. बारा दिवसांत हात गोरे करायचे, ही मागणी त्यांना विचित्र वाटली असणार. पण माणूस त्यांच्या कारखान्याचा होता आणि अडचणीत होता. त्यांनी टोपी घातली. "चला, औषधांच्या दुकानात विचारू."

दुकान सावागुचीबाईंचं. बाईंनी तोजींचे हात पाहिले, कुमागाईचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "बारा दिवसांत? माझ्याकडे औषधं आहेत हो, जादू नाही. विशीतल्या मुलीची कातडी महिन्याभरात नवी होते. यांना दोन महिने धरा."

"पण काहीतरी असेलच ना!"

"आहे की." बाईंनी एकेक वस्तू काउंटरवर मांडली. "हा कोजिक ॲसिडचा साबण. तुमच्याच बुरशीतून निघतं, पण काहींना सोसत नाही, खाज सुटते. हे व्हिटॅमिन सी, बाटलीत तपकिरी पडलं की फेकून द्यायचं. हे नायसिनामाइड, बिचारं गरीब, सहसा कुणाशी भांडत नाही. हे रेटिनॉल, झोपताना एवढंसं लावायचं आणि दिवसा उन्हापासून जपायचं. आणि ही साल काढणारी फळांची आम्लं, आठवड्यातून एकदा."

"हायड्रोक्विनोन म्हणून काही असतं म्हणे? जोरदार!"

"असतं. तुमच्यासारख्या घाईच्या माणसाला ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी दाखवणारसुद्धा नाही."

कुमागाईने खिशातून एक डबी काढली. नेटवरून मागवलेली, 'तीन दिवसांत बर्फासारखी त्वचा'. बाईंनी ती मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली. "यात काय आहे ते कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाहीये. गुपित असेल."

"पारा असेल! हात गोरे होतील आणि मूत्रपिंडं जातील. ही मी आरोग्य खात्याकडे तपासायला पाठवते."

"बरोबर आहे," तोजी म्हणाले. "आत काय आहे ते न लिहिता आपण बाटली विकतो का, कुमागाई-सान?"

घरी येऊन तोजींनी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने सहा चौकोन आखले. पट्टी लावून! पाच चौकोनांना पाच औषधं, दर दोन दिवसांनी नवं एक. शेजारी वही. तारीख, वेळ, हवेचं तापमान, किती थेंब, किती मिनिटांनी काय वाटलं. सहावा चौकोन रिकामा.

"तो कशाला?"

"काही न लावलेली एक जागा नको? नाहीतर फरक कशाशी ताडून बघणार? नवं यीस्ट आलं की मी आधी लोटाभर पाण्यात बघतो. टाकीत ओतत नाही."

"पण तोजी-सान, दर दोन दिवसांनी एक म्हणजे चोवीस तारीख उजाडेल!"

"उजाडू दे."

एकाहत्तराव्या वर्षी, ज्याची आपल्याला काडीची गरज नाही अशा गोष्टीसाठी, दुसऱ्याच्या अडचणीपायी, हा माणूस संध्याकाळी बरोबर सहा वाजता चष्मा लावून स्वतःच्या दंडाखालचे चौकोन तपासत बसे. असं काम पाहिलं की कुणालाही आदर वाटावा. कुमागाईला फुटला घाम. त्याने गावातल्या सरायीत खोली घेतली, पाचही वस्तू स्वतःसाठी विकत आणल्या आणि ठरवलं की आपणच लवकर निकाल लावून दाखवू. हात साबणाने दहा मिनिटं घासले, वरून आम्ल, वरून रेटिनॉल, वरून व्हिटॅमिन सी, वरून नायसिनामाइड, आणि आपल्या लहानपणी आजी लावायची म्हणून सगळ्यांवर अर्ध्या लिंबाचा रस! आणि तसाच तो भर दुपारी चार तास तोजींची कलिंगडं ट्रकमध्ये भरायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात उकडलेल्या खेकड्यासारखे लाल झाले. तिसऱ्या दिवशी सुजून टम्म फुगले आणि लिंबाचे ओघळ जिथे जिथे आले होते तिथे तिथे फोडांच्या रांगा उठल्या.

"लिंबाचा रस लावून उन्हात?" सावागुचीबाई किंचाळल्या. "सगळं एकत्र? आधी कोपरापाशी ठिपकाभर लावून पाहिलं नाही?"

"तोजी पाहताहेत ना..."

"त्यांच्या कोपरावर तुमची कातडी आहे का?"

त्यांनी त्याला हाताला धरून, म्हणजे कोपराला धरून, डॉक्टरांकडे नेलं. परत येताना त्यांनी तोजींसाठी एकच सल्ला दिला. "गोरे व्हायचे तेव्हा होतील. निदान आणखी काळे होऊ देऊ नका. सनस्क्रीन लावा आणि वर हातमोजे घाला." दुकानात हातमोजे एकाच रंगाचे होते. पांढरे, सुती.

आणि इथे घोळ झाला.

तोजी पांढरे हातमोजे घालून कलिंगडाच्या छोट्या ट्रकमधून गावातून जात आणि गेली चाळीस वर्षं करत आले तसा दिसेल त्याला खिडकीतून हात हलवत.

"ओनोदेरा टॅक्सी चालवायला लागला की काय?" न्हावी म्हणाला.

"टॅक्सी कसली!" गिऱ्हाईक म्हणालं. "सप्टेंबरात नगरपरिषदेची निवडणूक आहे. उमेदवारांसारखे पांढरे हातमोजे घालून गाडीतून हात हलवतो म्हणजे माणूस उभा राहिला!"

तासाभरात साऱ्या गावाला पटलं. चांगला माणूस, वेळेचा पक्का, हिशेबी. आजवर कुणाला सुचलं कसं नाही! एकजण शाळेजवळचा तुंबलेला नाला घेऊन आला. दोन बहिणी बसच्या वेळापत्रकाची तक्रार घेऊन आल्या. तोजींनी सगळ्यांना बसवलं, चहा दिला आणि सवयीने सगळं तारीख-वेळेसह वहीत उतरवून घेतलं. त्यामुळे तर गावाची खात्रीच पटली. आजवरचा एकही नगरसेवक काही लिहून घेत नसे!

हातमोजे घातल्याच्या चौथ्या दिवशी खुद्द नगरसेवक कुदो आले. रिकाम्या हाताने आले, कारण निवडणूक तोंडावर असताना बिस्किटाचा पुडाही देता येत नाही.

"ओनोदेरा-सान, या गावची मतं आजवर माझी होती."

"असू द्या की. मी हातमोजे कातडीसाठी घातलेत."

कुदो कडवट हसले. "वा! काय उत्तर आहे! मीसुद्धा पहिल्या खेपेला डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणालो होतो."

चोवीस तारखेला अकराला पाच मिनिटं कमी असताना मिझुनुमाबाईंची टॅक्सी कळवलेल्या पत्त्यावर, तोजींच्या अंगणात शिरली. अंगणात चाळीस माणसं! आज नक्की घोषणा आहे, असं न्हाव्याने सगळ्यांना कळवलं होतं. करड्या सुटातल्या बाई उतरल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पक्षाच्या बाई आल्या, टोकियोच्या!"

बाई गोंधळल्या, पण त्यांनी रीतसर वाकून नमस्कार केला. नाल्यावाला पुढे झाला आणि बाईंना नाल्याबद्दल सांगू लागला. बाईंनी तो वहीत टिपला.

कुमागाई गर्दीतून वाट काढत पोचला. दोन्ही हातांना पट्ट्या, त्यामुळे ओळखीचं कार्ड दातांत, आणि बोलणंही दातांतूनच. "मिझुनुमा-सान! आज तोजींची तब्येत जरा... हात जरा... आपण आधी कलिंगड खाऊ या का?"

"अकरा वाजले," बाई म्हणाल्या.

तोजी ओट्यावर आले. त्यांनी एकेक बोट ओढत हातमोजे काढले आणि हात पुढे धरले. मुळ्यासारखे तपकिरी. बारा दिवसांपूर्वी होते तसेच!

कुमागाईने डोळे मिटले. डोळ्यांपुढे बाटल्या आल्या. रांगेने, हिरव्या, हजारो.

"हे ते हात?" मिझुनुमाबाईंनी विचारलं.

"हेच," तोजी म्हणाले. "हिवाळ्यात पांढरे असतात, उन्हाळ्यात असे. ही माझी वही. पहिला चौकोन, कोजिक, फरक नाही. दुसरा, फळांचं आम्ल, दुसऱ्या दिवशी लाल झाला, धुऊन टाकला, बंद. तिसरा, नायसिनामाइड, त्रास नाही, फरकही नाही. चौथ्या-पाचव्याला दिवस कमी मिळाले, मत देत नाही. हातमोजे घातल्यापासून मात्र हात आणखी काळवंडले नाहीत."

"म्हणजे कोजीमुळे हात गोरे होतात हे खोटं?"

"खोटं म्हणणार नाही. पण मी नोव्हेंबर ते एप्रिल छपराखाली असतो, बाहेर बर्फ. पाच महिने ऊन दिसत नाही. माझी बायको कोजीला शिवतही नाही, पण हिवाळ्यात तिचेही हात इतकेच पांढरे असतात. मग श्रेय कोजीला कसं देऊ?"

"तोजी-सान!" कुमागाईच्या तोंडून निघालं. त्याबरोबर कार्ड पडलं.

"मऊपणाचं विचाराल तर सांगतो." तोजी आत जाऊन दुसरी वही घेऊन आले, एकतीस वर्षांपूर्वीची. "त्या हिवाळ्यात रोज डावा हात चोथ्याच्या पाण्यात धरला, उजवा साध्या पाण्यात. नव्वद दिवस. उजवा भेगाळला, डावा नाही. एकाच माणसाचे हात आहेत, तेव्हा फार छाती ठोकून सांगू नका."

मिझुनुमाबाई ओट्याच्या कडेला बसल्या आणि त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. शेवटी त्या उठल्या आणि तोजींपुढे पुन्हा वाकल्या, या वेळी बऱ्याच खाली.

"आमच्याकडे तिघांना मिळून असं लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या. "गोरेपणाचं क्रीम रद्द. हिवाळ्यात हात फाटू नयेत म्हणून क्रीम करू. चोथा आम्हाला हवा, तीन वर्षं. खोक्यावर हात नकोत, भाताची लोंबी छापू."

कुमागाईने आनंदाने हात वर फेकले आणि लगेच "आई गं!" म्हणून खाली घेतले. बाईंचं लक्ष आत्ता कुठे त्याच्या पट्ट्यांकडे गेलं. काय झालं ते सावागुचीबाईंनी गर्दीतूनच मोठ्याने, एकही टप्पा न गाळता सांगितलं.

"पट्ट्या सोडता का जरा?" मिझुनुमाबाईंनी कॅमेरा काढला. "तुमचे हात मला हवेत."

करार झाला, विभाग राहिला. निवडणुकीत कुदोच आले. चौदा जणांनी मात्र मतपत्रिकेवर उभ्या नसलेल्या ओनोदेरांचं नाव लिहिलं आणि चौदाही मतं बाद झाली.

डिसेंबरात क्रीमची पहिली खोकी आली. वर लोंबी, आत वापरासंबंधीचा घडी घातलेला कागद. आधी कोपरापाशी लावून पाहा. एका वेळी एकच नवी वस्तू वापरा. दिवसा उन्हापासून जपा. आणि खाली रंगीत फोटो, दोन सुजलेले, लाल, फोडांनी भरलेले हात. 'पाच वस्तू एकदम, वर लिंबू आणि ऊन. कृपया असं करू नये.' साठ हजार प्रती!

सेंदाईहून कुमागाईच्या आईचा फोन आला. "तोमोनोरी, हे तुझेच हात ना? अंगठा अगदी तुझ्या बाबांसारखा आहे!"

तिने पाच खोकी घेतली. आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन ती कागद उलगडून दाखवते आणि सांगते की मुलगा आता जाहिरातीत आहे.