कोठाराचं ठेंगणं दार

मठाच्या कोठाराचं मागचं दार ठेंगणं आहे आणि ती सातशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याची घोडचूक आहे, हे कोठार वापरणाऱ्या अ‍ॅम्ब्रोज टकवेल या शेतकऱ्याने अख्ख्या गावाला पटवून दिलं होतं. पुढच्या उंच दारातून भरली गाडी डौलात आत येते आणि मागच्या दारात अडते. हे कसलं कोठार! पण वास्तू पडली संरक्षित. तिथे साधा खिळा ठोकायचा तरी सरकारची परवानगी हवी. दार उंच करायचा अर्ज त्याने केला होता, आणि पाहणीला सरकारी खात्याच्या मिस फेनविक आल्या त्या नेमक्या कोठारातल्या सुगीच्या जेवणाच्या दिवशी.

"बाई, तुम्ही नुसत्या बघत राहा," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. दोन दांडगे घोडे जुंपून त्याने गव्हाच्या पेंढ्यांनी शिगोशीग भरलेली गाडी आत घातली. ठरल्याप्रमाणे ती मागच्या दारात अडली. त्याचा चेहरा नवरदेवासारखा फुलला.

पंचाईत पुढे झाली. गाडी मागे घ्यायला गेला, तर घोडे ढिम्म हलेनात. या दारापासून समोरच्या त्या दारापर्यंत गाडी आडवी, कोठाराचे सरळ दोन भाग झालेले. जेवणाची टेबलं तिच्या पलीकडे, भुकेलं गाव अलीकडे, आणि भाजलेलं डुक्कर गार होत चाललेलं! अ‍ॅम्ब्रोजने घोड्यांना चुचकारलं, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले.

त्याची बायको हेस्टर बाह्या सरसावून पुढे आली. "घोड्यांशी काय हुज्जत घालतोस? पेंढ्या उतरव."

मग काय, पाद्रीबाबांसकट सगळे भिडले. पेंढ्या डावी-उजवीकडे रचल्या गेल्या. गाडी रिकामी झाली मात्र, घोडे आपणहून निघाले आणि त्यांच्यामागे ती ठेंगण्या दारातून अलगद बाहेर पडली.

अ‍ॅम्ब्रोज थिजला. भरली गाडी उंच दारातून आत, माल दोन्ही अंगांना, रिकामी गाडी मागून बाहेर. रिकाम्या गाडीला उंची हवी कशाला? त्याने मान वर केली. ओकच्या तुळया वर, अंधारापर्यंत चढत गेल्या होत्या. जन्मभर ज्याला मूर्ख म्हटलं, त्या गवंड्याने आज गावासकट त्यालाच कामाला लावलं होतं. त्याला भरून आलं. टोपी आपसूक हातात आली.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तो अर्ज मागे घेतला तर चालेल का?"

"चालेल ना," मिस फेनविक म्हणाल्या. "त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल."