नरहररावांचा भोंगा

"आज पन्नास माणसांशी ओळख करूनच येतो," असं बायकोला, वीणाताईंना बजावून नरहरराव ढोबळे शंकर नगरच्या तंत्रज्ञान प्रदर्शनाला निघाले.

रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन वर्षं खपून एक यंत्र केलं होतं. कारखान्यातल्या मोटारीचं बेअरिंग खडखडू लागलं, की तुटायच्या आधीच ते भोंगा वाजवायचं. ही दोन वर्षं यंत्र जेवणाच्या टेबलावर होतं आणि घरची माणसं जमिनीवर जेवत होती. आज एकाही कारखान्याने ते लावून बघायची तयारी दाखवली नाही, तर यंत्र मोडीत, असं वीणाताईंनी ठरवून टाकलं होतं.

सोबत मुलगी अनुश्री होती. शाळेपासून ती घरीही हिंदीतच बोलायची. "पापा, पहले मुस्कुराना, फिर कार्ड देना. इसी को नेटवर्किंग कहते हैं."

"मले नको शिकवू. छत्तीस वर्षं माणसायतच काढली मी."

दुपारपर्यंत अकरा कार्डं गेली. त्यातल्या चौघांना बाथरूम कुठे आहे ते हवं होतं आणि एकाने उलट त्यांनाच विमा विकायला घेतला.

मग नरहररावांच्या डोक्यात प्रकाश पडला. नारळच फोडला नव्हता! वर्कशॉपमध्ये नारळाशिवाय त्यांनी साधं ड्रिलसुद्धा कधी सुरू केलं नव्हतं. अनुश्री चहा आणायला गेली होती. त्यांनी पिशवीत तसाच राहिलेला नारळ काढला, यंत्राला हळदकुंकू वाहिलं, बटण दाबलं आणि टेबलाच्या कडेवर तो आपटला.

यंत्र बिचारं प्रामाणिक. टेबलाला धक्का बसताच बेअरिंग गेलं असं समजून ते बोंबलू लागलं. सभागृहाच्या काचा थरथरल्या. आग लागली असं वाटून चौकीदाराने सगळी दारं उघडली आणि दोनशे माणसं मैदानात काढली.

अनुश्री धावत आली. "पापा, बंद करो इसको."

"बंद करायचं बटनच नाही ठेवलं, पोट्टी. कामगार कंटाळून बंद करतेत ना."

"तो कब तक बजेगा?"

"सात मिनिटं."

नरहरराव फुटका नारळ हातात घेऊनच आधी मैदानातल्या एका झाडामागे लपले. मग त्यांच्या लक्षात आलं, की दोनशे माणसं रिकामी उभी आहेत आणि सगळ्यांना एकच प्रश्न पडलाय: हा आवाज कसला? ते झाडामागून निघाले, हसले आणि खोबऱ्याचा एकेक तुकडा देत कार्डं वाटत सुटले. "माझंच मशीन आहे ते." कार्डं संपली तेव्हा लोक हातावर नंबर लिहून घेत होते.

तेवढ्यात सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या कारखान्याचे मेंटेनन्स प्रमुख बोरकुटे पुढे आले. "आमच्या प्लांटमध्ये कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. हा मले बंद गाडीत ऐकू आला. पाच पाहिजेत."

"मशिनी?"

"भोंगे."

नरहररावांचा चेहराच उतरला. पण पुढच्याच क्षणी ते ताठ झाले. "भोंगा एकटा नाही देत मी. मशिनीसंगच घ्या लागते."

बोरकुट्यांनी हातावर त्यांचा नंबर लिहून घेतला. "हव. सोमवारी या, पाच मोटारींवर लावून पाहू."

त्या रात्री घरी सगळे टेबलावर जेवले. नरहररावांनी ही हकिगत तीनदा सांगितली आणि दर वेळी मैदानातली गर्दी शंभराने वाढली. वीणाताईंनाही मनापासून आनंद झाला. त्यांनी आग्रह करून तुपाची धार धरली.

"मशिनी तर तुम्ही करान," त्या म्हणाल्या, "पण एवढा मोठा भोंगा कुठून आणला होता?"

तेवढी एकच वस्तू नरहररावांनी केलेली नव्हती. बंद पडलेल्या राईस मिलचा तो भोंगा त्यांनी बीरगावच्या भंगारातून उचलला होता. तिथेही तो एकच होता.

"पाहतो," ते हळूच म्हणाले, "सोमवारपर्यंत आणखी चार राईस मिल बंद पडतात का."